कडूबाईची मान

"साहेब, शाळेत सर आले नाहीत तर मॉनिटर वर्ग सांभाळतो. मग कोर्टात वकीलच आले नाहीत तर गरिबाच्या बाजूनं कुणी बोलायचं? दुसऱ्या कुणी बोललेलं चालतं का?"

त्रिवेणीनं हे विचारलं आणि सगळा हॉल तिच्याकडं वळला. मुख्याध्यापकांनी घसा खरवडला. मागच्या रांगेत तिच्या मैत्रिणी अर्पिता आणि संघप्रिया एकमेकींच्या दंडाला चिमटे काढत खाली वाकल्या, कारण पैज त्यांनीच लावली होती. 'लय मोठी वक्ता झालीस ना? शाळेत कायद्याच्या शिबिराला जज साहेब येणारेत, त्यांना विचारून दाखव. दोन प्लेट शेवपुरी.' त्रिवेणी शेवपुरीसाठी उठली, हे खरंच. पण प्रश्न काही तिनं हवेतून काढला नव्हता. तिच्या अप्पांचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान कोर्टाच्या फाटकासमोर. वकिलाची वाट बघत फाटकाच्या कट्ट्यावर बसून राहिलेली माणसं ती पहिलीपासून बघत आली होती.

मागच्या वर्षीपर्यंत हीच पोरगी हजेरीला 'उपस्थित' म्हणायची तेव्हा शेजारणीलाही ऐकू जायचं नाही. मग जानेवारीत मॅडमनी तिला बळंच वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं, तालुक्याची ढाल मिळाली, आणि तेव्हापासून उघडलेलं तोंड मिटायचं नाव घेईना. घरी आई म्हणायची, "बाई, जरा श्वास तरी घेत जा मधूनमधून."

साहेब मात्र रागावले नाहीत. हसले. म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. नियम असा की दुसऱ्याची बाजू वकिलानंच मांडायची. पण कायद्यानं एक छोटी खिडकी ठेवली आहे. न्यायालयाला योग्य वाटलं तर एखाद्या प्रकरणापुरती वकील नसलेल्या माणसालाही परवानगी देता येते. त्यासाठी अर्ज करावा लागतो. आणि न्यायालय परवानगी देईलच, असं नाही."

टाळ्या पडल्या. त्रिवेणी खाली बसली ती जमिनीला पाय न टेकताच.

टाळ्या न वाजवणारं एकच माणूस त्या हॉलात होतं. भिंतीला टेकून माहितीपत्रकं वाटणारी बायनाबाई. गळ्यात ओळखपत्र, त्यावर 'विधी स्वयंसेवक'. जवळच्या खेड्यात अंगणवाडीत मदतनीस होती आणि वर हे काम. गरिबाला कोर्टाचा रस्ता दाखवायचा, मोफत वकिलाचा अर्ज भरून द्यायचा, तारखेला सोबत जायचं. सगळं करायचं, फक्त कोर्टात बोलायचं नाही. हातातली पत्रकं तशीच धरून ती साहेबांकडं बघत राहिली होती.

शाळा सुटल्यावर ती थेट दुकानात आली. अप्पा कागदाचे रीम आणायला परभणीला गेले होते. गल्ल्यावर त्रिवेणीच होती.

"पोरी, ती खिडकी म्हणाले ना साहेब? त्याचा अर्ज लिहून दे मला."

"कुणासाठी, मावशी?"

"कडूबाईसाठी."

आणि बायनाबाईनं स्टुलावर बसून सगळं सांगितलं. कडूबाईचा नवरा चार वर्षांखाली गेला. लेकरू नाही. राहायला दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, लग्न होऊन आली तेव्हापासून तिथंच. आता भाया, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ लिंबाजी, म्हणतो घर माझं, ताबाही माझा, ही नुसती पाहुणी म्हणून राहायली. कोर्टात दावा टाकला आणि घराच्या आड येऊ नको असा हुकूम मागितला. कडूबाईला सरकारकडून मोफत वकील मिळाला, महारुद्र वकील. माणूस वाईट नाही. पण तीन तालुक्यांच्या कोर्टांत त्याची कामं. सात तारखा झाल्या, आला दोनदा. लेखी म्हणणंसुद्धा अजून दिलेलं नाही.

"लाईटबिल हाय, पंचायतीचा उतारा हाय, शेजारी हायती. समदं मला तोंडपाठ हाय. पन मला तोंड उघडायची मुभा न्हाई."

"मग कडूबाईच का नाही बोलत?"

बायनाबाईनं तिच्याकडं असं बघितलं की जणू ही पोरगी दुसऱ्याच मुलखातून आली. "भायापुढं? बाई, ज्या घरात ती नांदली तितं भाया अंगनात आला की आदी खाकरायचा. खाकरलं की बाईनं पदर वढायचा, मान खाली घालायची आन् भिंतीकडं वळायचं. वीस वर्सं तिनं त्या मान्साचं तोंड बघितलं न्हाई. आवाज काढनं तर लांबच."

त्रिवेणीनं कीबोर्ड पुढं ओढला. अर्जाचा नमुना तिला पाठच होता, अप्पांना टाईप करताना हजारदा बघितलेला. बायनाबाईनं सांगितलं ते दोन ओळींत मावत होतं: मला या एका प्रकरणात कडूबाईकडून बोलायची परवानगी मिळावी. पण दोन ओळींचा अर्ज म्हणजे काय अर्ज झाला! शिबिरात साहेब देखरेख, जबाबदारी असं बरंच काही बोलले होते. त्रिवेणीनं खाली ठोकून दिलं: 'सदर अर्जदार नियुक्त वकिलांच्या प्रत्यक्ष हजेरीत व त्यांच्या देखरेखीखालीच आपले म्हणणे मांडेल.'

"एवडं कशाला गं?" बायनाबाई म्हणाली.

"वजन पडतं, मावशी. साहेबांना वाटलं पाहिजे, माणसं जबाबदार आहेत."

दुसऱ्या दिवशी कडूबाईचा अंगठा झाला. महारुद्र वकिलांनी मोटारसायकलवर बसल्याबसल्या सही केली. "बरं केलंत, बाई. मला अर्धं ओझं कमी. मी असतोच तारखेला." अर्ज दाखल झाला.

संध्याकाळी अप्पांनी दुकानातली प्रत वाचली. वीरुपाक्ष अप्पा म्हणजे कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, नाकाच्या टोकावर चष्मा, आणि वीस वर्षांत कुणाच्या अर्जात चूक केली नाही असा माणूस. त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे कुणी सांगितलं लिहायला?"

"मीच लिहिलं. छान वाटतं ना?"

"अर्जात मागायचं तेवढंच मागावं, त्रिवेणी. जास्तीचं लिहिलं की ते आपल्याच गळ्यात येतं."

त्रिवेणी हसली. अप्पांना ढाल कुठं मिळाली होती?

तारीख मंगळवारची. शाळेला दांडी मारून त्रिवेणी गणवेशातच कोर्टात गेली. अर्पिता म्हणाली होती, "जा माय, तुझं कोर्ट तुलाच लखलाभ. हजेरीला मी 'उपस्थित' म्हणते तुझ्या आवाजात." तोंडावर हसू घेऊनच ती आत शिरली.

आत पंख्याचा कुरकुर आवाज आणि घामाचा वास. बायनाबाई शेवटच्या बाकावर, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद. तिच्या आडोशाला एक बारीकशी बाई बसली होती, हाताच्या शिरा वर आलेल्या, पायात रबरी चप्पल. हीच कडूबाई. त्रिवेणीकडं बघून ती चक्क हसली. "ह्याच का गं तुज्या अर्जवाल्या बाई? शाळंतलं लेकरूच की!" आवाज असा खणखणीत की त्रिवेणी चाटच पडली. ही बाई बोलत नाही?

तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं.

कडूबाईचा हात आपोआप डोक्यावर गेला. पदर कपाळाच्या खाली आला, मान छातीला टेकली, अंग भिंतीकडं वळलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच बाई होती ती नाहीशी झाली, नुसतं लुगड्याचं गाठोडं उरलं. पांढरं धोतर, पांढरी टोपी, लिंबाजी पुढच्या बाकावर जाऊन बसला. मागं वळूनही बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

त्रिवेणीनं बाहेर जाऊन महारुद्र वकिलांना फोन लावला. "मानवतच्या कोर्टात आहे. साक्ष चाललीय. संपली की निघालोच."

नाव पुकारलं गेलं. साहेबांनी अर्ज वाचला, वर बघितलं, गणवेशातल्या पोरीला ओळखलं आणि ओठाच्या कोपऱ्यात हसले. लिंबाजीचा वकील उठला. "हरकत आहे, साहेब. उद्या किराणावाला म्हणेल, मी औषध देतो. मग डॉक्टर कशाला आणि वकील कशाला?"

"रोग्याजवळ डॉक्टर आलाच नाही तर?" साहेब म्हणाले. मग पेन उचललं. "परवानगी देतो. या प्रकरणापुरती, अर्जात लिहिल्याप्रमाणे."

त्रिवेणीला वाटलं, उठून नाचावं. तिनं बायनाबाईचा हात दाबला. 

"वकील कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

"यायलेत साहेब, मानवतहून," बायनाबाई म्हणाली.

"अडीच वाजता घेऊ."

फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत तिघींनी भाकरी सोडली. लिंबाजी दिसत नव्हता, तोवर कडूबाईचं तोंड चालू होतं. घराची मागची भिंत तिनं आणि नवऱ्यानं मिळून कशी रचली, पत्रा उडाला तेव्हा हा भाया कसा बघायलाही आला नाही, कोंबड्या कशा तिच्या उशाशी येऊन बसतात. "हे असंच सांगा ना साहेबांना," त्रिवेणी म्हणाली. "एकदाच. डोळे मिटून." कडूबाईनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "तोंडातून निगनारच न्हाई गं ते. तितं आलं की आतून कुनीतरी दाबून धरतंय."

दोन वाजता फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. सव्वादोनलाही तेच.

अडीचला साहेबांपुढं कागदांचा ढीग तेवढाच होता, नुसता उजवीकडून डावीकडं सरकला होता. "वकील?"

"न्हाई आले, साहेब," बायनाबाई उठली. "पन मी सांगते. समदे कागद हायती माज्याकडं."

"बाई, तुम्हाला परवानगी आहे ती वकिलांच्या हजेरीत बोलायची. तुमच्याच अर्जात तसं आहे. त्यावर वकिलांची सही आहे."

त्रिवेणी उभी राहिली. कधी राहिली ते तिलाही कळलं नाही. "साहेब, ती ओळ माझी आहे! त्यांनी सांगितली नव्हती. मीच घातली. ती खोडून टाका ना."

सगळं कोर्ट वळून बघायला लागलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांचा आवाज चढला नाही, पण त्यात शाळेतलं हसूही नव्हतं. "बाळ, खाली बस. ती ओळ कुणीही लिहिलेली असो, बरोबर आहे. देखरेखीशिवाय जो उठेल तो गरिबाच्या वतीनं बोलायला लागला, तर बुडेल तो गरीबच. म्हणून अट असते." त्यांनी तारखांचा कागद पुढं ओढला. "अट पाळायला माणूस यावा लागतो, हेही खरं आहे. पण ही आठवी तारीख आहे. लेखी म्हणणं नाही. समोरची बाजू किती थांबणार? प्रतिवादी बाई स्वतः हजर आहेत ना? त्यांनाच विचारतो."

कडूबाईला पुढं उभं केलं. लिंबाजी तिच्यापासून दोन हातांवर.

"बाई, घाबरू नका. हे म्हणतात, घराचा ताबा यांच्याकडं आहे. हे खरं आहे का?"

 पदराआड कडूबाईचे ओठ हलल्यासारखे वाटले. त्रिवेणीनं मनातल्या मनात जोर लावला, नाही म्हणा, एकच शब्द, नाही.

लिंबाजी खाकरला.

मोठ्यानं नाही. धुळीनं घसा खवखवल्यावर माणूस खाकरतो तेवढंच. कडूबाईची मान झर्रकन खाली गेली.

"साहेब, मान हलवली बाईंनी," त्याचा वकील म्हणाला.

"बाई, नीट ऐका. ताबा यांचा आहे, हे तुम्हाला मान्य आहे?"

पुन्हा ते खाकरणं. पुन्हा मान, आणखी खाली.

"साहेब, ती भायापुढं मान—" बायनाबाई ओरडली.

"बाई, बसा. पुन्हा उठलात तर बाहेर काढावं लागेल."

टायपिस्टची बोटं चालू झाली. त्रिवेणीला तो आवाज चांगला ओळखीचा होता. दुकानात तोच आवाज ऐकत ती लहानाची मोठी झाली होती. आज पहिल्यांदा तिला वाटलं, कुणीतरी पत्र्यावर खिळे ठोकायलंय. 'प्रतिवादीने मान हलवून मान्य केले.'

हुकूम झाला. तिसऱ्या दिवशी घराला कुलूप लागलं.

रविवारी त्रिवेणी एसटीनं बायनाबाई आणि कडूबाईच्या गावी गेली. बायनाबाईच्या ओसरीवर कडूबाईचा संसार दोन पोत्यांत बांधून ठेवलेला. कडूबाई तांदूळ निवडत होती. त्रिवेणीला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं.

"तू कामून रडायलीस, बाई? तू काय केलंस?"

"ती ओळ मी लिहिली, मावशी."

"लिव्हली असशील. मान तर मीच घातली ना खाली? भायापुढं मान खाली घालायची हे माज्या आयनं शिकवलं. त्यात माजं काय चुकलं, ते मला अजून कळंना बग." आणि ती पुन्हा खडे वेचायला लागली.

ऊन उतरलं तशी ती म्हणाली, "चल, दावते तुला." गल्लीच्या टोकाला ते घर. दाराला नवंकोरं कुलूप. उंबऱ्यावर चार कोंबड्या येऊन बसल्या होत्या. दिवसभर बायनाबाईच्या अंगणात चरायच्या आणि आत जायची वेळ झाली की इथं यायच्या. कडूबाईनं एकेक उचलून पदरात घेतली. "रोज आनते माघारी. रोज येत्यात. हुकूम ह्यांना कोन वाचून दावनार?" गल्लीत कुणाच्या तरी चपलांचा आवाज आला आणि कोंबड्यांसकट ती भिंतीकडं वळली. साधा वाटसरू होता. तरीही ती वळली.

परतताना बायनाबाईनं स्टँडवर सांगितलं. परभणीला अपील करता येतं, महिन्याच्या आत. तिथं मोफत मिळालेली नवी वकीलबाई चांगली आहे, फोन उचलते, दर मंगळवारी भेटते. पण ती म्हणते, कागदावर लिहिलंय की बाईनं मान्य केलं. ते खोटं ठरवायला त्या दिवशी कोर्टात असलेलं, ना इकडचं ना तिकडचं माणूस पाहिजे. "माजं धरनार न्हाईत, मी तिच्याच बाजूची. बाकीचे म्हनत्यात, आमी बघितलं न्हाई. तू सोळाची. तुजंबी किती धरतील, ती सांगू शकत न्हाई. आन् महारुद्र वकिलाचं नाव निगंल त्यात. सही करून आले न्हाईत म्हून. तुज्या बापाचं दुकान... मी तुला ये म्हननार न्हाई, पोरी."

महारुद्र वकील सोमवारी दुकानात आले, चाळीस पानं झेरॉक्सला घेऊन. डोळे लाल, शर्टाला बसच्या सीटची धूळ. "साक्ष लांबली हो, अप्पा. एकट्यानं कुठं कुठं पुरायचं? नऊ मोफत केसेस आहेत माझ्याकडं." मग त्रिवेणीकडं न बघता म्हणाले, "परभणीला काही भानगड चाललीय म्हणे. पोरींनी शिकावं, त्यात पडू नये."

ते गेल्यावर अप्पा कितीतरी वेळ मशीनचं झाकण पुसत राहिले. "ऐकलंस ना? आपण कोर्टाच्या दारात बसून खातो. दारात बसून दारालाच लाथ मारायची?"

 दुसऱ्या दिवशी शाळेत अर्पितानं कबूल केलेली शेवपुरी आणली, तीही तिनं तशीच संघप्रियाकडं सरकवली. "काय झालं गं तुला?" संघप्रिया म्हणाली. "परत पहिल्यासारखी झालीस. हजेरीला ऐकूच येत नाहीस." ते वाक्य तिला दिवसभर टोचत राहिलं. घरी आली, जेवली, झोपली. आईनं दोनदा कपाळाला हात लावून बघितला.

बुधवारी सकाळी अप्पा पूजा आटोपून आले, विभूती अजून ओली. आई राजेश्री चहा गाळत होती. त्रिवेणी गणवेश घालून दारात उभी होती, दप्तर मात्र खांद्यावर नव्हतं. अप्पा नेहमीच्या सवयीनं खाकरले, बसायच्या आधी, उगाच, घसा साफ करायला.

आईचा हात चटकन डोक्यावर गेला आणि पदर सारखा झाला. तिला कळलंही नाही. अप्पांनाही नाही. त्रिवेणीनं मात्र बघितलं, आणि तिची स्वतःची मान खाली जायला निघाली होती ती तिनं वर धरली.

"अप्पा, आई, मी ठरवलंय. पुढच्या मंगळवारी मी परभणीला जाणार. लिंबाजी दोनदा खाकरला आणि दोन्ही वेळा कडूबाईची मान खाली गेली, ती होकाराची नव्हती, हे मी तिथं सांगणार. ती ओळ माझी होती, हेही सांगणार. महारुद्र वकील सही करून आले नाहीत, हेसुद्धा. माझं ऐकतील की नाही, मला माहीत नाही. दुकानाचं काय होईल, तेही माहीत नाही. अप्पा, तुम्ही स्टँडवर सोडायला आलात तर बरं वाटेल. नाही आलात तरी मी जाणार."